वस्तादांची बैठक

दिवाळीच्या तोंडावर बेळगावच्या बाजारात मावळे विकायला येतात. शहापूर, अनगोळ, वडगावच्या गल्ल्यांतून मुले दगडमातीचे किल्ले उभारतात आणि बुरुजाबुरुजावर हे मावळे मांडतात. जरा निरखून पाहिले तर बहुतेक सगळे एकाच रीतीने उभे असलेले दिसतात. दोन्ही पायांवर सारखा भार, ढाल छातीला भिडलेली, तलवार खांद्याला लागलेली. यात कारागिराच्या कल्पनाशक्तीचा दोष नाही. दोन भागांच्या साच्यातून मूर्ती अखंड सुटायची असेल, तर तिच्या अंगात आत वळलेली जागा राहून चालत नाही. कमरेवर ठेवलेला हात आणि कमर यांच्यामधली पोकळी साच्यात अडकते आणि हात मोडून पडतो. आमच्याच जिल्ह्यातल्या गोकाकची रंगीत लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत, पण लाकडाचीही आपली अट असतेच. शिरांना आडवा कोरलेला बारीक हात थोड्याशा धक्क्याने तुटतो. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. ती माती वाळताना आकसते, आत घातलेली तार मात्र आकसत नाही, त्यामुळे तडा मातीला जातो. म्हणून मातीच्या बाहुल्यांचे हात अंगालगत आणि पाय जाड राहतात. माणूस कसा उभा राहणार आणि कसा बसणार, हे अशा रीतीने आधी द्रव्य ठरवते आणि मग घडवणारा.

मी माणसांचे छोटे पुतळे करते, आणि पॉलिमर क्लेकडे वळले ती ही अट तिला लागू नाही म्हणून. तिच्यात माती जवळजवळ नसते. पीव्हीसीची अतिसूक्ष्म पूड आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य, म्हणजे प्लास्टिसायझर, यांचा तो मळलेला गोळा असतो. पाणीच नसल्यामुळे ती हवेवर वाळत नाही. उष्णता मिळाली की पुडीचे कण ते तेलकट द्रव्य शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात, आणि या सगळ्यात वस्तू आकसते ती नगण्य. फिमो आणि स्कल्पी ही या क्लेची बाजारातली दोन नावे; फिमो ११० अंश सेल्सिअसला पक्की होते आणि स्कल्पी १३० अंशांना, तर कुंभाराच्या भट्टीला ८०० ते १००० अंश लागतात. तार आत सुखाने राहते, त्यामुळे हात हवेत तरंगता ठेवता येतो, मान पुढे काढता येते आणि एका पायावर भार देता येतो. बाहुल्या करणाऱ्या जर्मनीतल्या केटे क्रूझे यांच्या कन्येने हे द्रव्य हाताळून त्याचे रूप ठरवले आणि १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर कंपनीकडे जाऊन फिमो या नावाने बाजारात आले, हा त्याचा इतिहास. पुढे अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओंत पात्रांचे नमुने सुपर स्कल्पीमध्ये घडवले जाऊ लागले, तेही याच सोयीमुळे. चित्रातल्या पात्राची ऐट तिन्ही अंगांनी पाहायची तर ती ऐट पेलणारे द्रव्य लागते.

तरीही या क्लेचे कौतुक होते ते दुसऱ्याच कारणासाठी. कातडीवरची छिद्रे, ओठांवरच्या बारीक रेघा, एकेक रोवलेली पापणी यांची छायाचित्रे लोक मोठी करून पाहतात. क्ले वाळत नसल्यामुळे महिनाभर एका नाकपुडीवर काम करता येते, आणि काही जण करतातही. मला त्यात फारसा रस नाही. माणूस ओळखू येतो तो लांबून, चेहरा दिसण्याच्या आधी. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरा चाललेला मामा आपण चालीवरून ओळखतो, त्याची नाकपुडी पाहून नव्हे. पात्र घडवायचे म्हणजे त्या माणसाचा भार त्याच्या देहात कुठे आहे ते आधी शोधायचे, असे माझे मत बनले आहे आणि ते पक्के झाले एका वस्तादांमुळे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनी तालीम आहे. बाईमाणसाने तालमीत पाऊल टाकायचे नाही ही रीत तिथे अजून पाळतात, त्यामुळे लाल मातीचा हौदा मी दारातून दिसेल तेवढाच पाहिला आहे. वस्ताद मात्र रोज दिसतात. संध्याकाळी पोरे जोर-बैठका काढत असतात तेव्हा ते दाराशेजारच्या कट्ट्यावर बसून आत लक्ष ठेवतात. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, धोतर, डोक्यावर टोपी. मागे भिंत आहे, पण त्यांची पाठ भिंतीला लागलेली मी पाहिली नाही. एकदा धीर करून विचारले, "वस्तादकाका, टेकून का बसत नाही ओ?" ते आतली नजर न काढता म्हणाले, "पाठ टेकली की झोप येतंय, आणि मला झोप आली की तिकडं पोरगं अर्धीच बैठक मारतंय."

त्या बसण्याची मोडतोड करून पाहिली तेव्हा हाती बरेच लागले. सरळ बसलेल्या माणसाच्या कानापासून ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला सरळ दोरा, सोडला तर तो बैठकीच्या हाडांवर उतरतो. वस्तादांचा ओळंबा मांडीच्या मध्यावर उतरत असे. म्हणजे वरचे धड नुसत्या कण्यावर नाही, ते हातांवरही तोललेले आहे. तळवे गुडघ्यांवर, पण बोटे आतल्या बाजूला आणि कोपरे बाहेर फेकलेली, जणू क्षणात उठायचे आहे. हातांवर भार आला की खांदे वर सरकतात, खांदे वर गेले की आधीच जाड असलेली मान आणखी आखूड दिसते, आणि आखूड मानेतून हौद्याकडे पाहायचे तर हनुवटी पुढे काढावी लागते. एका सवयीतून एवढे सगळे एकामागून एक येते. हा दुवा एकदा हाती आला की चेहऱ्याची घाई राहत नाही.

कागदावर समोरून आणि बाजूने, प्रत्यक्ष मापात, दोन आकृत्या काढून मी तारेला हात घालते. माझ्या पुतळ्याचे प्रमाण एकास आठ आहे. १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस त्या हिशेबात २१ सेंटिमीटरचा होतो. शरीररचनेच्या पुस्तकी नियमाने उंची डोक्याच्या साडेसातपट असते, तेव्हा डोके २.८ सेंटिमीटरचे यायला हवे. पात्रासाठी मी ते सहापटीवर आणले आणि डोके साडेतीन सेंटिमीटरचे केले, कारण थोडे मोठे डोके आणि त्याहून थोडे मोठे पंजे घेतल्याने माणूस व्यंगचित्र न होता ठसठशीत होतो. चार पटींवर गेले की लहान मूल किंवा कार्टून दिसू लागते. ही रेघ कुठे ओढायची ते ज्याचे त्याने पाहावे, पण वस्तादांचा कोणी हसरा बाहुला करू नये असे मला मनापासून वाटत होते.

कणा आणि मांड्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमची तार दुपदरी पिळून घेतली, बोटांसाठी बारीक तार. नितंब आणि खांदे जिथे तारा एकमेकींना छेदतात तिथे एम-सीलचा गोळा दाबून सांधा पक्का केला, नाहीतर क्ले चढवताना सांगाडा हलत राहतो आणि ठरवलेला ओळंबा हळूहळू सरळ होत जातो. हे सरळ होणे फार फसवे असते. आपला हात नकळत माणसाला नीटनेटके बसवतो, शाळेच्या फोटोत बसवतात तसे, म्हणून मी बाजूची आकृती समोर टांगून दर थोड्या वेळाने दोरा सोडून पाहत होते. मग सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून घट्ट दाबायचे. पोटाचा घेर, छातीचा पिंजरा, कवटी हे सगळे आधी फॉइलमध्येच आणायचे. त्याने क्ले वाचते आणि वजन कमी होते; शिवाय वरचा थर सगळीकडे साधारण ५-६ मिलिमीटरचा राहिल्यामुळे भाजताना उष्णता सारखी पोचते. जाड गोळा बाहेरून पक्का होतो आणि आतून कच्चा राहतो, तडे जातात ते त्यामुळे. उघड्या धातूला क्ले धरत नाही, म्हणून तारेवर फेव्हिकॉलचा हात मारून तो वाळू द्यायचा.

या टप्प्यावर पुतळ्याला ना नाक असते ना डोळे. चांदीच्या रंगाचा चुरगळलेला गोळा तारांवर बसलेला असतो. शेजारच्या काकू डाळीची वाटी मागायला आल्या होत्या, त्यांनी टेबलावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "हे आमचं तालमीतलं म्हातारं न्हवं?" मला त्या दिवशी आणखी काही करावेसे वाटले नाही.

क्ले डब्यातून काढली की आधी कणीक तिंबावी तशी तिंबावी लागते. बेळगावच्या थंडीत फिमो दगडासारखी कडक येते आणि एप्रिल-मेमध्ये तीच बोटांना चिकटते. चिकटली तर दोन कोऱ्या कागदांत दाबून रात्रभर ठेवायची, जास्तीचे तेल कागद पितो. कच्ची क्ले वार्निशच्या टेबलावर किंवा पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नये, ते पृष्ठ ती विरघळवते. आणि पांढऱ्या क्लेला हात लावण्याआधी हात दोनदा धुवावेत, तरी गडद कपड्याचा एखादा धागा त्यात सापडतोच.

म्हाताऱ्या पैलवानाचे शरीर घडवणे हा वेगळाच अभ्यास आहे. तरुण मल्लाचा पुतळा करणाऱ्याला स्नायू दाखवायचे असतात. इथे स्नायू गेलेले आहेत पण त्यांची जागा गेलेली नाही. मानेची रुंदी जबड्याएवढी राहते, खांद्याचा उतार मानेपासूनच सुरू होतो, छाती मात्र खाली ओघळून पोटावर विसावते आणि पुढे झुकल्यामुळे पोट मांड्यांवर टेकते. मांड्या सुकतात, गुडघे त्यामुळे मोठे दिसतात. या सगळ्यावर सदरा येणार असला तरी तो आतून भरलेला हवा, कारण कापड अंगावरच्या उंचवट्यांना टेकते आणि तिथून सुटते. क्लेची १ मिलिमीटरची पातळ पोळी बाटलीने लाटून मी धोतर नेसवले. चुण्या कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात हे ताण ठरवतो. कमरेची गाठ हे एक टोक आणि वाकलेला गुडघा हे दुसरे, मधल्या सगळ्या चुण्या त्या दोघांमध्ये ओढलेल्या असतात, तर पोटरीवर ताण नसल्यामुळे कापड नुसते लोंबते. शोभेसाठी चार जास्तीच्या चुण्या घातल्या की धोतर खोटे दिसते.

कान मी सर्वांत शेवटी ठेवले होते, मुद्दाम, आवडीचे काम म्हणून. कुस्तीत कान सतत घासला, दाबला गेला की कूर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळते; कूर्चेला आवरणातून मिळणारे पोषण तुटते आणि त्या जागी कडक, गाठाळ पेशीजाल तयार होते. कान मोडला असे तालमीत म्हणतात आणि त्याचा अभिमानही बाळगतात. साध्या कानात बाहेरची कड, आतली कड आणि त्यांच्यामधली खोबण स्पष्ट असते. मोडलेल्या कानात खोबण बुजलेली, वरचा भाग जाड आणि आतल्या बाजूला गुंडाळलेला, पाळी मात्र बहुधा शाबूत. वस्तादांचा उजवा कान डाव्यापेक्षा जास्त मोडलेला आहे. मी आधी साधा कान केला, भुवई ते नाकाचा बुंधा या उंचीत, आणि मग गोल टोकाच्या कोरणीने खोबण आतून भरत, वरची कड अंगठ्याने चेपत गेले. मोडलेला कान थेट केला तर तो नुसता गोळा होतो. आधी चांगला असलेला कान मोडला आहे, हे त्यात दिसावे लागते.

डोळ्यांसाठी सायकलच्या दुकानातून पेडलचे बारीक छर्रे आणले, साधारण ४ मिलिमीटरचे. पोलादी छर्ऱ्याला भट्टीच्या उष्णतेने काही होत नाही आणि पापण्या बसवताना बुबुळ दाबले जात नाही. वरची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात ओघळलेली ठेवली, खालची किंचित वर चढवली, कारण उजेडातून अंधाऱ्या हौद्यात पाहणारा माणूस डोळे बारीक करतो. चेहऱ्यावर याहून फार काही केले नाही. टाचणीच्या टोकाने गालावर दोन-चार रेषा, ब्रशने चार थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून बोटांचे ठसे पुसणे, बस.

भाजण्याबद्दल दोन गोष्टी सांगणे जरुरीचे आहे. ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, वेगळा असावा, ज्यात आपण खायचे काही करत नाही असा, आणि त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्यावा. माझी सगळी क्ले स्कल्पी होती, म्हणून १३० अंश, दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटे. फार तापली तर पीव्हीसी करपते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी ठेवायची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज मध्येच जाते, पण त्याने बिघडत नाही, ही क्ले पुन्हा पुन्हा भाजता येते. किंबहुना टप्प्याटप्प्याने भाजणेच सोयीचे. धड आणि पाय आधी पक्के करून घेतले की चेहऱ्यावर काम करताना कोपराचा धक्का लागून बैठक बिघडत नाही. भाजल्यावर बंद ओव्हनमध्येच निवू द्यावे.

रंगाबाबत माझी एक तक्रार आहे. कातडीचा रंग म्हणून जी तयार क्ले मिळते ती युरोपातल्या कातडीची असते, गुलाबी. तिच्यात तपकिरी मिसळली तर रंग राखाडी पडतो. उन्हात वाढलेल्या आपल्याकडच्या माणसाचा रंग मी मातकट पिवळा, तपकिरी आणि किंचित लाल यांतून सुरू करते आणि सावलीसाठी काळ्याऐवजी थोडा हिरवट निळा घेते. कोरडे पेस्टल घासून त्याची पूड कच्च्या क्लेवर ब्रशने लावली तर ती धरते. नाकाचा शेंडा, कान आणि बोटांची पेरे मी अशीच तांबूस केली. जबड्यावर पांढरे खुंट अ‍ॅक्रिलिकने, जवळजवळ कोरड्या ब्रशने. वर मॅट वार्निश, फक्त डोळ्यांवर चमकते. नेलपॉलिश मात्र वापरू नये. त्यातल्या द्रावकाने पृष्ठ कायमचे चिकट होते.

वस्ताद कट्ट्यावर बसवून झाले. लाकडी पाटावर तालमीतली चिमूटभर लाल माती पसरायचे मनात होते, पण ती हळद, तेल, ताक घालून कसलेली, पोरे तिला पाया पडून अंगाला लावतात, तेव्हा ती मागायला मी गेले नाही. पाट रंगवूनच घेतला.

आता पुढचे पात्र डोक्यात आहे ते कडोलीकडून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईचे, आणि तिचा प्रश्न उलटा आहे. चुंबळीवर पाटी असली की ओळंबा पाटीच्या मध्यापासून कान, कंबर, घोटा असा एका रेषेत उतरतो. जे काही हलते ते कमरेत हलते, मानेला हलायची मुभाच नसते. वस्तादांचा भार हातांनी वाटून घेतला होता, इथे सगळा भार पुतळ्याच्या सर्वांत बारीक जागेतून खाली जाणार. अ‍ॅल्युमिनियमची एकपदरी तार तिथे वाकते आणि दुपदरी घातली तर घोट्यावर क्लेला जागा उरत नाही. तेव्हा छर्रे देणाऱ्या सायकलवाल्याकडूनच २ मिलिमीटरचे पोलादी स्पोक आणले आहेत. ते पाटात भोक पाडून खालून ठोकायचे आणि पाटीत क्लेऐवजी फॉइल भरून वर फक्त भाजीचा थर द्यायचा, असे सध्या ठरवले आहे.